पाट चालू शे का?

आमचे आप्पा पाटकरी होते. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे लिहायचं आहे ते अमेरिकेतल्या एका नदीबद्दल आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की लेकीकडे तीन महिने राहून आला आणि लागला परदेशाचं कौतुक सांगायला. तसं नाही. त्या नदीकाठी मला जे आठवलं ते सगळं पांझरेकाठचं होतं, आणि त्यातली एक गोष्ट मी आजवर घरातही बोललो नव्हतो.

धाकटी टेक्सासमध्ये ऑस्टिनला असते. जावई इंजिनिअर, माणूस बोलका. एका शनिवारी म्हणाला, "नाना, चला तुम्हाला नदी दाखवतो." मी म्हटलं, "नद्या पाहिल्यात आम्ही." तो म्हणाला, "अशी नाही पाहिली." दीड तास गाडीने सॅन अँटोनियो नावाच्या शहरात गेलो. शहराचं आणि नदीचं नाव एकच. भर बाजारात गाडी लावली. सगळीकडे उंच इमारती, नदी कुठेच दिसेना. मग एका पुलाच्या बाजूला दगडी पायऱ्या लागल्या, त्या उतरलो आणि खाली वेगळंच जग.

रस्ता वर राहिला, मोटारींचा आवाजही वरच राहिला. खाली हिरवट पाण्याची अरुंद नदी, आपल्या मोठ्या पाटाएवढी. दोन्ही काठांना फरसबंदी वाट, डोक्यावर सायप्रसची जुनी उंच झाडं, त्यांची सावली पाण्यावर. मध्ये मध्ये दगडी कमानींचे पूल. आणि वाटेच्या कडेने हॉटेलंच हॉटेलं. अगदी पाण्याला लागून टेबलं मांडलेली, त्यांवर लाल, पिवळ्या, निळ्या छत्र्या. दुकानांत टोप्या, चांदीचे दागिने, मातीची रंगीत भांडी. भडक फुलांच्या नक्षीच्या पसरट बोटी माणसं भरून जात होत्या आणि बोटीवाला माइकवर माहिती सांगत होता. एका टेबलाशी मेक्सिकन वादक उभे राहून गाणं म्हणत होते. पाण्याच्या कडेला बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही. आमची मंडळी माझा दंड धरूनच चालत होती. मी पडेन म्हणून की ती पडेल म्हणून, ते काही कळलं नाही.

पहिली अर्धी घटका मी गप्प होतो. मग मनात आलं ते बोलून टाकलं : "नदीचा बाजार मांडलाय यांनी."

जावई हसला. "मग काय करायला हवं होतं?"

उत्तर सुचलं नाही. पण राग आला होता हे खरं. नदी म्हणजे काय खुर्च्या मांडायची जागा? आमच्याकडे नदीला माय म्हणतात. श्रावणात कानबाई बसते, दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन तिला निरोप देतात. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली की नदीची ओटी भरते. इथे माय तर नाहीच, चटणीबरोबर मक्याचे तळलेले तुकडे खात माणसं तिच्याकडे पाठ करून बसलेली.

जेवायला एका हॉटेलात बसलो. मक्याची पातळ पोळी आली, हिने हातात घेऊन उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाली, "मांड्यांच्या पुढे काही नाही हं." राजमा घोटून केलेली भाजी होती. त्यात डुकराची चरबी असते असं धाकटीने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तिने विचारलं, आणि वेटर आत जाऊन खात्री करून आला. वयस्क माणूस, माझ्याच वयाचा असेल. टेबलावर बसल्या बसल्या त्याने प्रत्येकापुढे बर्फ घातलेल्या पाण्याचा पेला ठेवला होता. मी अर्धा पेला पितो न पितो तोच येऊन भरून जायचा. मी धाकटीला हळूच विचारलं, "याचे किती घेतात?" ती म्हणाली, "पाण्याचे पैसे नसतात, नाना." बोटीचं तिकीट डॉलरमध्ये ऐकून हिने मनातल्या मनात गुणाकार केला होता आणि बोट रद्द झाली होती. पण पाण्याला पैसे नाहीत हे ऐकून मला आप्पा आठवले.

पांझरा आमच्या साक्री तालुक्यात उगम पावते आणि धुळ्यावरून पुढे तापीला जाते. या नदीवर शेकडो वर्षांपासून दगडी बंधारे आहेत, एकाखाली एक. बंधाऱ्याने अडवलेलं पाणी पाटाने शेताकडे वळवायचं, उरलेलं बंधाऱ्यावरून सांडून खालच्या गावाला. या पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे भाग पाडलेले असतात, त्यांना फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, तर त्या फडात गहू, पुढच्या वर्षी फिरवायचं. प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी बहुधा प्रत्येक फडात असते, त्यामुळे पाणी कमी आलं आणि एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली तर झळ एकट्याला बसत नाही. पाणी सोडणारा तो पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः बारं फोडायचं नाही. कुणी कितीही मोठा असो, त्याच्या शेताला पाणी पाटकऱ्याच्या हातून. पिकं राखायला जागल्या. मेहनताना म्हणून हंगामाला प्रत्येकाकडून धान्य.

आप्पा खांद्यावर खोरं घेऊन रात्री-बेरात्री पाटावर असायचे. एकदा गावच्या एका बड्या माणसाने त्यांच्या हातावर नोट ठेवली आणि पाळीच्या आधी पाणी मागितलं. आप्पांनी नोट परत केली. घरी येऊन मायजवळ एवढंच म्हणाले, "पानी कोना बापनं नही." मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. मला नोटेची हळहळ वाटली होती.

हे लिहिताना एक गोष्ट लपवायची नाही असं ठरवलं आहे. फडाची ही व्यवस्था ज्यांची फडात जमीन होती त्यांच्यासाठी होती. ज्यांची नव्हती त्यांना पाटाच्या खालच्या अंगाला धुणं धुवायची परवानगी, आणि पीक राखायचं काम. आप्पांचं वाक्य खरं होतं. पण पाणी कुणाच्या बापाचं नाही म्हणणाऱ्या गावात कुणी कुठल्या अंगाला उतरायचं हे मात्र बापावरूनच ठरत होतं. हे मला बऱ्याच उशिरा दिसलं.

जेवण झाल्यावर आम्ही त्या वाटेने पुढे निघालो. जावयाने मग त्या नदीची हकीकत सांगितली. धाकटीने फोनवर वाचून त्यात भर घातली, आणि परत आल्यावर मी स्वतःही बरंच वाचलं. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

1921 च्या सप्टेंबरात या शहरात रात्रीतून पूर आला आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर वरच्या अंगाला धरण बांधलं. शहराच्या पोटातून नदी एक मोठं वळण घेते, ते पुराच्या पाण्याला अडसर होतं. म्हणून पाणी सरळ निघून जावं यासाठी नवा कालवा काढायचं ठरलं. मग या जुन्या वळणाचं करायचं काय? ते झाकून टाकावं, वरून रस्ता काढावा, असं म्हणणारेही निघाले. तेव्हा ती नदी काही आजच्यासारखी नव्हती. शहराच्या मागच्या दाराचा नाला होती. 1924 साली तिथल्या बायकांनी एक संस्था काढली, जुन्या गोष्टी जपण्यासाठी. त्यांनी नगरपालिकेच्या कारभाऱ्यांपुढे चक्क बाहुल्यांचा खेळ करून दाखवला. गोष्ट कोणती, तर सोन्याचं अंडं देणारी हंसी. आपल्याकडे ती कोंबडी आहे.

पुढे 1929 साली रॉबर्ट ह्यूगमन नावाच्या तरुण वास्तुविशारदाने त्या वळणाचा आराखडा मांडला. वाट, पूल, झाडं, बोटी, आणि दुकानं. दुकानं पहिल्यापासून होती, मागाहून घुसलेली नाहीत. त्याने आराखड्याला नावच मुळी जुन्या स्पॅनिश शहरांतल्या दुकानांचं दिलं होतं. मंदीचा काळ. पैसा नव्हता. दहा वर्षं गेली. मग बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून 1939 ते 1941 मध्ये ते बांधून झालं. म्हणजे आपल्या भाषेत रोजगार हमीवर. मी रोजगार हमीच्या कामावर मुकादम होतो दोन वर्षं, आमच्या हातून पाझर तलावाचे बांध आणि रस्ते झाले. त्यातला एक रस्ता पुढच्याच पावसात गेला. इथल्या मजुरांनी बसवलेले दगड पाहून मी वाकून सांध्यांवरून हात फिरवला. ही म्हणाली, "अहो उठा, लोक बघतात."

गंमत अशी की ह्यूगमनला काम पुरं व्हायच्या आत, 1940 साली, काढून टाकलं. आणि एवढं बांधून झाल्यावरही पुढची वीसेक वर्षं तिकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं. पाण्याच्या काठाशी पहिलं हॉटेल निघालं ते 1946 साली. एक काळ असा होता की लष्करातल्या जवानांना तिथे जायला मनाई होती, इतकी ती जागा बदनाम. 1968 साली शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा कुठे या काठाला बरकत आली. पुढे 1997 मध्ये त्यांनी शहराखालून सुमारे पाच किलोमीटर लांबीचा आणि चोवीस फूट व्यासाचा बोगदा काढला. पूर आला की पाणी त्या बोगद्यातून शहराच्या खालून निघून जातं. दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर 1998 मध्ये, मोठा पूर आला आणि बोगदा कामी आला.

आता यात नदी किती आणि नळ किती, हा प्रश्न माझ्यासारख्याला पडणारच. वळणाच्या दोन्ही तोंडांना दारं आहेत. मनात आलं की पाणी सोडून देतात, तळ साफ करतात, पुन्हा भरतात. उगमाजवळचे झरे भूगर्भातल्या पाण्यावर चालायचे, ते पाणी शहराने इतकं उपसलं की झरे बरेचदा कोरडे. म्हणून शुद्ध केलेलं सांडपाणी नदीत सोडतात. मी म्हटलं, "जावईबापू, ही नदी दावणीला बांधलेली आहे."

तो म्हणाला, "असेल. पण दावणीला बांधलेल्या जनावराला निदान चारा-पाणी घालतात, नाना. किंमत नसलेल्या गोष्टीची राखण कोण करतं?"

मला हे पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटत नाही. किंमत आहे म्हणून जपायचं, तर किंमत उतरली की? उद्या लोक बोटीत बसायचे थांबले, दुसरीकडे कुठे यापेक्षा रंगीत छत्र्या लागल्या, तर हे दगड कोण धुणार? बाजाराचं प्रेम म्हणजे दूध देते तोवर गाय. पण हे बोलता बोलता माझी जीभ अडखळली. कारण जिला आम्ही किंमत न लावता माय म्हणत होतो तिचं काय झालं, हे त्या टेबलावर दुसऱ्या कुणाला नसलं तरी मला माहीत होतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ग्रामपंचायतीत सदस्य होतो. नदीतल्या वाळूच्या लिलावाला ग्रामसभेची शिफारस हवी होती. लिलावाच्या रकमेतला काही हिस्सा गावाला मिळणार, त्यातून शाळेला दोन खोल्या आणि मराठी शाळेपासून मारुतीपर्यंत काँक्रीट. कुणी माझ्या हातावर नोट ठेवली नव्हती, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. वाळू काय, पूर ऊना की परत येस, असं एक जण बोलला आणि सगळे हसले. मी हात वर केला. आप्पांचा मुलगा म्हणून माझ्या हाताला गावात वजन होतं. माझा हात वर गेल्यावर आणखी चार गेले.

लिलाव जेवढ्या वाळूचा झाला तेवढीच गेली असती तर गोष्ट वेगळी. दिवसा ट्रॅक्टर, रात्री डंपर. दोन उन्हाळ्यांत नदीचं पात्र पुरुषभर खाली गेलं. वाळू म्हणजे नदीचा स्पंज. ती गेल्यावर पावसाळ्यानंतर पाणी मुरून राहणार कशात? काठच्या विहिरी आटल्या, लोकांनी बोअर घेतले, बोअर खोल खोल गेले. बंधाऱ्याच्या पायाखालचे दगड उघडे पडले आणि एका पावसात त्याला खिंडार पडलं. पाट कोरडा. शाळेच्या खोल्या झाल्या, काँक्रीट झालं. ते मी नाकारत नाही. खोल्या चांगल्या आहेत.

आप्पा तेव्हा खाटेवर होते. नव्वदीला आलेले, डोळे गेलेले, कान शाबूत. रोज संध्याकाळी मी खाटेजवळ बसलो की विचारायचे, "पाट चालू शे का?"

मी म्हणायचो, "चालू शे, आप्पा."

"कोना फडले?"

मी फडाचं नाव सांगायचो. कधी हा, कधी तो. पाळी चुकू नये म्हणून मनात हिशेब ठेवायचो. खोट्या पाण्याचीही पाळी असते. सात महिने मी न वाहणारं पाणी फडाफडातून फिरवलं. आप्पा गेले ते पाट चालू आहे या समजुतीत गेले, असं मी मानत आलो. पण त्यांचे कान शाबूत होते हे मी वर लिहिलं आहे. आमचं घर पाटाच्या अगदी लगत. वाहत्या पाटाचा आवाज ऐकत त्यांची हयात गेली होती, आणि रात्री नदीकडून येणारे डंपरही त्यांना ऐकू येतच असणार. मग ते रोज कशाला विचारत होते?

हे सगळं त्या रंगीत छत्र्यांखाली बसून आठवलं, आणि नदीचा बाजार मांडलाय हे माझं मघाचं वाक्य माझ्याच अंगावर आलं. यांनी नदीकाठी खुर्च्या विकल्या. आम्ही नदीचं पोट विकलं. आणि आम्ही विकताना तिला माय म्हणत होतो. कधी कधी वाटतं की माय म्हणण्यातच सोय होती. परक्या बाईचं काही घेतलं तर हिशेब द्यावा लागतो, आईचं घेतलं तर कोण विचारतं?

पण म्हणून जावयाचं बरोबर, असंही मी म्हणणार नाही. अहमदाबादला साबरमतीचा काठ बांधून काढला, मी तो पाहिला आहे. सुरेख आहे, माणसं संध्याकाळी हवा खायला येतात. शहराच्या त्या पट्ट्यात पाणी आहे ते नर्मदेच्या कालव्याचं. आणि काठावर झोपड्यांतून राहणारी हजारो कुटुंबं तिथून उठली तेव्हा कुठे ती जागा मोकळी झाली. अलीकडे आपल्याकडेही ज्या त्या गावाला नदीकाठ सुशोभित करायचा आहे. सुशोभित हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, नदीत पाणी आहे का. पाणी नसेल तर ती फरशी कशाच्या काठाला बसवताय?

सॅन अँटोनियोत मला एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. ती वाट सगळ्यांची आहे. हॉटेलात बसायला पैसे, बोटीला पैसे, पण पायऱ्या उतरून काठाने हवं तेवढं चालायला कुणी अडवत नाही. दगडी बाकावर एक माणूस शिदोरी सोडून जेवत बसला होता, कपड्यांवरून मजूर वाटला. त्याच्यापासून दहा पावलांवर महागड्या हॉटेलाचं टेबल. दोघांपुढे पाणी तेच. हे काही रामराज्य नव्हे. ताट वाढणारे आणि भांडी घासणारे हात बहुतेक मेक्सिकन वळणाच्या माणसांचे दिसले, खाणारे सगळ्या प्रकारचे. पण कोणत्या अंगाला बसायचं हे निदान तिथे कुणी कुणाला सांगत नव्हतं.

रात्री तिथेच एका साध्या हॉटेलात राहिलो. दुसऱ्या दिवशी जावई म्हणाला, आता दुकानं नसलेली नदी बघू. शहराच्या दक्षिणेला हीच वाट नदीच्या काठाने पुढे मैलोन्‌मैल जाते, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. विसाव्या शतकाच्या मध्यात इंजिनिअरांनी इथली नदी पुरासाठी सरळ करून तिचं गटार केलं होतं. तेच पात्र 2013 पर्यंत खर्च करून पुन्हा नदीसारखं केलं, वळणं दिली, तिथलीच झाडं-गवत लावली. आठ मैलांचा हा तुकडा. उन्हात चालताना मला वाटलं, सरळ केलेलं पुन्हा वाकडं करायला माणसाला केवढा खर्च येतो.

या वाटेवर जुनी चर्चं आहेत, अठराव्या शतकात स्पॅनिश पाद्र्यांनी वसवलेल्या वस्त्यांची. 2015 पासून ती जागतिक वारशात आहेत. मी चर्च पाहायला गेलो आणि पाटापाशीच थांबलो. हो, पाट. स्पेनमधून आलेल्या लोकांनी नदीला बांध घालून तिथे पाट काढले. त्या पाटाला त्यांचा शब्द असेकिया, मूळ अरबी. एस्पादा नावाच्या शेवटच्या वस्तीचा पाट 1740 च्या दशकात एका ओढ्यावरून दोन दगडी कमानींच्या पुलाने पलीकडे नेला, आणि तो पूल अजून पाणी वाहून नेतो. पुढे जमिनी वाटल्या तेव्हा पाटाखालचे तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटले. त्या तुकड्याला शब्द होता सुएर्ते, म्हणजे नशीब.

जावई हे वाचून दाखवत होता आणि मी पाटाच्या कडेला उकिडवा बसलो होतो. पाट ओळखायला मला पाटी लागत नाही. कडेचं ते गवत, वळणावर साचलेला गाळ, दाराजवळ पाण्याचा बारीक गळका आवाज. बांध घालणारे, पाट खणणारे हात तिथल्या मूळ लोकांचे होते. हंडी-कुंडी घेऊन नदीकाठाने हिंडणारी माणसं, त्यांना वस्तीत आणून देव दिला, शेती दिली, आणि त्यांची भाषा आज कुणी बोलत नाही. म्हणजे हा पाट तरी कुठे निर्मळ आहे? खाली वाकून पाहिलं तर कुठल्याच पाटाच्या तळाशी निव्वळ गाळ नसतो. तरीही पाणी वाहत होतं, आणि पलीकडच्या शेताला जात होतं, आणि मला ते बघवत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

ही माझ्या शेजारी येऊन बसली. चाळीस वर्षांचा संसार, तिला काय सांगावं लागणार. तरी सांगितलं. आप्पा विचारायचे, मी काय उत्तर द्यायचो, सगळं. ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही शेतात गेलात की ते मलाही विचारायचे. पाट बंद आहे म्हणून मी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं."

"मग ते मला रोज का विचारायचे?"

ती म्हणाली, "ते मला कसं माहीत असणार? तुम्ही विचारायचं होतं."

धाकटी लांबून हाका मारत होती, ऊन वाढत होतं. आम्ही उठलो. हिने निघताना एका दुकानातून दगडी पुलाचं चित्र असलेलं एक लोहचुंबक घेतलं होतं, ते आता आमच्या फ्रिजवर आहे आणि त्याखाली विजेचं बिल लावलेलं असतं.

गावी आल्यावर पहिल्याच ग्रामसभेत वाळूचा विषय पुन्हा निघाला. मध्ये काही वर्षं बंद होतं, दोन मोठ्या पुरांनी थोडी वाळू आणून टाकली होती. आता मी सदस्य नाही, पण ग्रामसभेत कुणालाही बोलता येतं. उभा राहिलो. फार काही बोललो नाही. मागे मी हात वर केला होता आणि तो चुकला होता, एवढं सांगितलं. आणि बंधाऱ्याचं खिंडार आधी बुजवा, मग काय ते ठरवा. मागून एक पोरगा म्हणाला, "नाना, तुमच्या वेळी खोल्या झाल्या, आता आमच्या वेळी व्यायामशाळा होऊ द्या की." त्याचं बोलणं मला चुकीचं वाटलं नाही. मी घेतलं, त्याने का घेऊ नये? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तरी मी बसलो नाही, उभाच राहिलो. माझ्याबरोबर पाटाखालच्या बाजूने दोन म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. त्यांचं फडात कधीच काही नव्हतं.

ठराव पुढच्या सभेवर ढकलला. ती सभा कोरमअभावी अजून झालेली नाही.